व्हिममध्ये शोधलेल्या शब्दांचा रंग: नको तेव्हा येतो, हवा तिथे येत नाही

टंकाळा

नमस्कार मंडळी.

मराठी विकिस्रोतासाठी जुन्या पुस्तकांचं मुद्रितशोधन करतो. स्कॅनवरून यंत्राने ओळखलेला मजकूर उतरवून घ्यायचा, चुका काढायच्या, परत चढवायचा. पोटापाण्याचा धंदा प्रोग्रामिंगचा, त्यामुळे हे कामही व्हिम या एडिटरमध्येच करतो.

अडचण शोधाच्या रंगांची आहे. एका मित्राची तयार व्हिमआरसी (सेटिंगची फाइल) वापरतोय, तिच्यात एचएलसर्च, म्हणजे सापडलेलं रंगवणं, चालू आहे. एखादा शब्द शोधला की तो पानभर पिवळा होतो. शोधताना ते हवंच असतं, पण नंतर सलग वाचायला बसलं की डोळ्यांना खुपतं. नोएच ही आज्ञा दिली की रंग जातो, आणि पुढच्या जागी जायला एन दाबलं की पुन्हा हजर. कहर म्हणजे व्हिम बंद करून दुसऱ्या दिवशी वेगळीच फाइल उघडली तरी कालचा शब्द तिच्यात रंगलेला असतो! सेट नोएचएलसर्च करून पाहिलं, तर शोधतानाही काही दिसेना. मधला मार्ग काय?

दुसरी शंका: रंग सगळीकडे लागत नाहीये. 'घर' शोधलं तर काही ओळींत रंगतं, काहींत डोळ्यांसमोर शब्द असून कोरं राहतं. हे फाँटचं काही आहे की मजकूरच बिघडलेला आहे?

(आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टंकताना अर्थातच रोमन.)

वाटसरू_६

नोटपॅड++ घ्या आणि मोकळे व्हा. शब्दावर डबल क्लिक केलं की बाकीचे तसलेच शब्द रंगतात, दुसरीकडे क्लिक केलं की रंग गेला. सेटिंगमध्ये 'स्मार्ट हायलायटिंग' नावाने आहे. फक्त पूर्ण शब्द रंगवायचा का, हेही तिथेच ठरवता येतं.

सरळमार्गी

वाटसरू, धागा व्हिमचा आहे हो. :)

टंकाळा, तुमच्या पहिल्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्यात.

एक, 'नोएचएलसर्च' ही आज्ञा आणि 'सेट नोएचएलसर्च' हे सेटिंग. नाव एकच, काम निराळं. नुसती आज्ञा दिली (नोएच हे तिचंच छोटं रूप) की आत्तापुरता रंग पुसला जातो आणि पुढच्या शोधाला परत येतो. ती बनवलीच त्यासाठी आहे. 'सेट' लावलं की रंगवणंच बंद. म्हणजे तुम्हाला हवा तो मधला मार्ग नोएच हाच आहे, फक्त तो दरवेळी टंकायचा कंटाळा येतो. एखाद्या कळीवर बसवून टाका. बरेच जण कंट्रोल-एल वर बसवतात, कारण ती कळ तशीही पडदा पुन्हा रंगवायचंच काम करते. निओव्हिममध्ये ०.६ पासून हे मुळातच असं आहे.

एस्केपवर बसवू नका. जालावर तो सल्ला फार फिरतो. टर्मिनलमध्ये बाणांच्या आणि इतर खास कळा एस्केपनेच सुरू होणारी अक्षरमाला पाठवतात, त्यामुळे व्हिम उघडताना भलतंच काहीतरी घडायला लागतं.

दोन, दुसऱ्या दिवशी येणारा रंग. शेवटचा शोध व्हिमइन्फो फाइलीत साठवला जातो, तो पुढच्या वेळी परत मिळावा म्हणून. पण तो मिळाला तरी लगेच रंगवायचा नाही, असं सांगणारं एक अक्षर 'व्हिमइन्फो' या सेटिंगमध्ये असतं: एच. व्हिमच्या मूळ किमतीत ते असतंच. तुमच्या मित्राने ती ओळ स्वतः लिहिली असेल आणि एच गाळला असेल, तर तुम्ही सांगताय तेच होणार. बघा बरं.

तीन, फक्त शोध टंकत असतानाच रंग हवा आणि एंटर मारला की नको, असंही करता येतं. कमांडलाइनमध्ये शिरताना सेट एचएलसर्च आणि बाहेर पडताना सेट नोएचएलसर्च करणाऱ्या दोन ऑटोकमांड (ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या आज्ञा) लावायच्या, त्या तिरकी रेघ आणि प्रश्नचिन्ह या दोन शोधांपुरत्या. व्हिमच्या मदतपानात इन्कसर्चच्या खाली हा नमुना दिलेलाच आहे, तसाच्या तसा उचला. मात्र मग एन दाबत पुढे जाताना बाकीच्या जागा रंगलेल्या दिसणार नाहीत. मुद्रितशोधनाला मी हे नाही सुचवणार. तिथे उरलेले किती आणि कुठे हेच बघायचं असतं.

'घर'बद्दल रात्री लिहितो. की दुसरं कुणी?

टंकाळा

काका, एच नव्हताच! ती ओळ काढून टाकली, आता नवी फाइल कोरी उघडते. कंट्रोल-एल पण बसवलं. _/\_

निवांत

ईमॅक्सवाल्यांना यातलं काहीच करावं लागत नाही, एवढीच नोंद. शोध संपला की रंग आपोआप जातो, आणि कुणाला ठेवायचेच असतील तर लेझी-हायलाइट-क्लीनअपला निल द्यायचं. २७ व्या आवृत्तीपासून 'इतक्यांपैकी कितवा' हेही दाखवता येतं. चालू द्या.

सरळमार्गी

निवांतराव, ते आकडे व्हिममध्येही आहेत, फक्त झाकून ठेवलेत. 'शॉर्टमेस' सेटिंगमधून मोठा एस काढला की खाली कोपऱ्यात दिसू लागतात. मूळ मर्यादा बऱ्याच आवृत्त्यांत ९९ ची, त्यापुढे नुसतं '>९९'. एकूण मोजणी हवी तर टक्का-एस, मग तीन तिरक्या रेघा, मग जीएन. शेवटच्या एनमुळे बदल काहीच होत नाही, नुसती संख्या सांगतो.

अर्धमात्रा

'घर'चं मी घेते, कारण हे सगळ्या मराठी व्हिमवाल्यांना भोवतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

फाँट बरोबर आहे, मजकूरही बरोबर आहे. टंकाळा, कुठे रंग लागतो आणि कुठे नाही त्याची यादी करून बघा. माझा अंदाज असा की घर, घरचा, घरदार, घरकाम हे रंगतात, आणि घरी, घरात, घराचा, घरून हे कोरे राहतात. बरोबर?

व्हिमच्या लेखी काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार, विसर्ग आणि पायमोडक्याचं चिन्ह ही सगळी आधीच्या अक्षराला चिकटलेली जोडचिन्हं आहेत. 'घरी' म्हणजे त्याच्या दृष्टीने घ आणि री, अशी दोनच अक्षरं. तुम्ही शोधायला दिलेला र हा बिनचिन्हाचा र आहे आणि मजकुरात आहे री, म्हणून 'जुळत नाही' असं तो म्हणतो. 'घरचा'मध्ये र मोकळाच आहे आणि पुढे च हे वेगळं अक्षर सुरू होतं, म्हणून तिथे जुळतं.

हा नियम आपल्यासाठी लिहिलेला नाही. व्हिमच्या सोर्समध्ये या जागी एक टिप्पणी आहे, तिच्यात उल्लेख आहे स्वरचिन्हं लावलेल्या हिब्रू मजकुराचा. हिब्रूत स्वरचिन्हं बहुधा लिहीतच नाहीत, लिहिली तर वर-खाली ठिपके-रेघांनी. तिकडे हे कधीतरीच आड येत असेल. मराठीत मात्र विभक्तीचा प्रत्यय लागला की शब्दाचं सामान्यरूप होतं आणि त्याचं शेवटचं अक्षर बदलतं: घर-घरा, झाड-झाडा, गाव-गावा. म्हणजे मूळ शब्द देऊन शोधलं तर वाक्यात सगळ्यांत जास्त वेळा येणारी रूपंच नेमकी निसटतात. आणि व्हिम 'सापडलं नाही' असंही म्हणत नाही, कारण चार 'घरचे' त्याला सापडलेले असतात.

उपाय दोन आहेत.

पहिला, शोधात कुठेही उलटी तिरकी रेघ आणि मोठा झेड घालायचा. मग तो सगळीच जोडचिन्हं विसरतो. घरी, घरात, घराचा सगळे रंगतात. त्यांच्याबरोबर घार, घोर, घेर आणि अघोरीसुद्धा.

दुसरा, शेवटच्या अक्षरानंतर उलटी तिरकी रेघ, टक्का आणि मोठा सी. म्हणजे घर\%सी. याचा अर्थ, 'इथे जी काही चिन्हं चिकटली असतील ती चालतील'. घ मात्र मोकळाच हवा. हा मला रोज लागतो. घराणं आणि घरंगळणंही सापडतात, पण तेवढं चालवून घेते.

याने शोधलं की रंग 'घरा'पर्यंत येतो, कान्यासकट. तिथवरचा मजकूर जुळला असं त्याचं म्हणणं असतं. त्यामुळे हाच नमुना बदलायच्या आज्ञेत देऊ नका, रंगलेलं सगळं खाल्लं जाईल. घर काढून वाडा घालायला गेलात तर घरातचं 'वाडात' होईल.

टंकाळा

यादी शब्दशः बरोबर! घरून सकट. मी उगाच स्कॅनला शिव्या घालत होतो.

म्हणजे जुन्या पुस्तकांतले अनुस्वारही याच कारणाने निसटत असणार? 'घरी' शोधलं की 'घरीं' दिसत नाही.

अर्धमात्रा

हो, तेच. री आणि रीं ही व्हिमला दोन वेगळी अक्षरं. १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, त्यामुळे त्याआधीचं पुस्तक हाती असेल तर हा प्रश्न ओळीओळीला येतो: घरीं, मुळें, त्यांत, केलें. घरी\%सी दिलं की दोन्ही सापडतील.

याचा उलट फायदाही घ्या. विकिस्रोतावर मूळ छपाई जशी आहे तशी ठेवायची असते. यंत्राने ओळखलेल्या मजकुरात अनुस्वाराचा ठिपका फार वेळा गळतो. ज्या पुस्तकात सप्तमी सगळीकडे सानुस्वार आहे तिथे नुसतं 'घरी' शोधायचं, व्हिमच्या काटेकोरपणामुळे फक्त ठिपका गळालेलेच रंगतील. दुसऱ्या एडिटरमध्ये यासाठी 'पुढे अनुस्वार नसलेला' असा वेगळा नमुना लिहावा लागतो.

मीनल_पु

मी भाषांतराचं काम करते, व्हीएस कोडमध्ये. तिकडे या बाबतीत उलटं आहे. 'घर' दिलं की घरी, घरात, घरीं सगळ्यांत रंगतं, रंग फक्त 'घर'वर थांबतो आणि वेलांटी बाहेर राहते. दिसायला विचित्र, पण निसटत काही नाही.

तिथला गोंधळ दुसरा. 'पूर्ण शब्द' हे बटण दाबलं की 'घर' मिळतो पण “घर” अवतरणात असेल तर मिळत नाही. शब्द कुठे संपतो हे तो 'वर्ड सेपरेटर्स' या सेटिंगमधल्या चिन्हांवरून ठरवतो आणि त्या मूळ यादीत सरळ अवतरणचिन्हं आहेत, वळणदार नाहीत. दंडही नाही. अभंग-ओव्यांच्या फाइलीत चरणाअखेरचा शब्द दंडाला चिकटलेला असतो, तो मग कधीच पूर्ण शब्द ठरत नाही. यादीत एकेरी दंड, दुहेरी दंड आणि चारही वळणदार अवतरणं घातली की काम झालं.

रेजेक्समध्ये (नमुना देऊन शोधायच्या सोयीत) बी लावून शब्दसीमा मागायच्या भानगडीत मात्र पडू नका. उघड्या फाइलीतला शोध जावास्क्रिप्टच्या नियमांनी चालतो आणि त्यात शब्दाचं अक्षर म्हणजे फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि अधोरेखा. देवनागरी सगळीच शब्दाबाहेर! पूर्ण फोल्डरमधला शोध रिपग्रेप नावाचं वेगळं साधन करतं, त्याला युनिकोडची शब्दसीमा कळते. म्हणजे एकच नमुना फोल्डरमध्ये सापडतो आणि फाइल उघडून शोधला की गायब.

आणि हो, नको असलेल्या रंगाची तक्रार असेल तर तिथे रंग तीन प्रकारचे असतात. शोधाचा, निवडलेल्या मजकुरासारख्या मजकुराचा, आणि कर्सर नुसता शब्दावर ठेवला तरी येणारा. तिसरा 'ऑकरन्सेस हायलाइट' बंद केल्यावर जातो. लोक शोधाचे रंग बदलत बसतात आणि हा तसाच राहतो.

सरळमार्गी

मीनलताई, शब्दसीमेचं बरं झालं सांगितलंत. व्हिममध्येही डब्ल्यू हा शब्दातल्या अक्षरांचा वर्ग रोमनपुरताच आहे. पण शब्दाची सुरुवात-शेवट दाखवणाऱ्या कोनी खुणा (उलटी तिरकी रेघ आणि < किंवा >) देवनागरीत नीट चालतात आणि दंडही शब्दाबाहेरच धरला जातो. तारा दाबून शब्द शोधला की याच खुणा लागतात. म्हणून 'घरात'वर तारा दाबला तर फक्त 'घरात' मिळेल, 'घरातला' नाही. खुणा नको असतील तर आधी जी, मग तारा.

टंकाळा

तारा दाबण्यावरून आठवलं. इनस्क्रिप्ट कळफलक चालू असताना तारा दाबला की 'श्र' जातो आणि तिरकी रेघ दाबली की 'य'. व्हिम नुसता घंटा वाजवतो. दर शोधाला कळफलक बदलायचा, शब्द टंकायचा, परत बदलायचा. यावर तुम्ही मंडळी काय करता?

रातांबा

मी कळफलक इंग्रजीच ठेवतो आणि शोधायचा शब्द टंकतच नाही. तो मजकुरात कुठेतरी असतोच. त्यावर कर्सर नेऊन तारा. किंवा तिरकी रेघ दाबून कंट्रोल-आर, कंट्रोल-डब्ल्यू, की कर्सरखालचा शब्द शोधाच्या ओळीत उतरतो. मग त्याच्या शेवटी ती अर्धमात्राताईंची शेपटी जोडायची.

नवाच शब्द हवा तर व्हिमचा स्वतःचा कीमॅप. एक साधी फाइल असते, रोमन कळ आणि समोर देवनागरी अक्षर. मग कंट्रोल आणि ६ च्या कळीवरची टोपी दाबून मराठी-इंग्रजी बदलतं, तेही फक्त टंकताना आणि शोधताना. आज्ञा देताना कळी इंग्रजीच राहतात, त्यामुळे 'य' आणि 'श्र'चा प्रश्नच येत नाही. शोधाच्या ओळीसाठी वेगळं लक्षात ठेवायला 'आयएमसर्च' हे सेटिंग आहे.

वाटसरू_६

वाचतोय. नोटपॅड++ सोडणार नाही, पण वाचतोय.

रातांबा

माझा एक प्रश्न, रंगांचाच. मला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. बऱ्याच रंगसंगतींमध्ये चालू सापडलेला शब्द एका रंगात आणि बाकीचे दुसऱ्यात असतात, मला दोन्ही सारखेच वाटतात. कर्सर शोधत बसावं लागतं. काय करता येईल?

सरळमार्गी

रंगावर अवलंबूनच राहू नका. 'हायलाइट' आज्ञेने तीन गट हाताशी येतात. 'सर्च' म्हणजे सापडलेले सगळे, 'इन्कसर्च' म्हणजे टंकताना जिथे पोचलात ती जागा, आणि नव्या आवृत्त्यांत 'कर्सर्च', म्हणजे कर्सर ज्या सापडलेल्या शब्दावर आहे तो. व्हिममध्ये हा तिसरा मुळात 'सर्च'लाच जोडलेला असतो, म्हणून वेगळा दिसत नाही. मी 'सर्च'ला फक्त अधोरेखा दिली आहे, पार्श्वभूमी काहीच नाही, आणि 'कर्सर्च'ला रिव्हर्स. रिव्हर्समध्ये अक्षर आणि पार्श्वभूमीचे रंग उलटे होतात, रंग कुठलाही असो फरक कळतो. टंकाळा, तुम्हालाही चालेल हे. अधोरेखा वाचताना फारशी टोचत नाही.

एक काळजी घ्या. या ओळी रंगसंगती निवडणाऱ्या ओळीच्या खाली लिहा. नाहीतर कलरस्कीम येते आणि तुमचं सगळं पुसते. कामाच्या मध्येच संगती बदलायची सवय असेल तर कलरस्कीमच्याच ऑटोकमांडमध्ये टाका.

मीनल_पु

अधोरेखेवर एक आक्षेप. उकार आणि पायमोडकी चिन्हं रेघेत मिसळतात. 'कृ' आणि 'कु' मुद्रितशोधनात रेघेवर वाचून बघा!

सरळमार्गी

मान्य. जीव्हिममध्ये (टर्मिनलऐवजी स्वतःच्या खिडकीत चालणारा व्हिम) वळणदार अधोरेखा असते (अंडरकर्ल), ती थोडी खाली राहते पण उकाराला नडतेच. बारीक वाचायचं तेव्हा कंट्रोल-एल.

अर्धमात्रा

जोडाक्षरांचंही सांगून ठेवते, कुणीतरी घाबरून इथे येईलच. जीव्हिममध्ये 'त' शोधला तर 'स्त'मधला त रंगतो, आणि त्या क्षणी जोडाक्षर फुटून पायमोडका स आणि सुटा त असं दिसायला लागतं. रंग बदलला की तिथून मजकुराचा वेगळा तुकडा काढला जातो, आणि दोन तुकड्यांत विभागलेलं जोडाक्षर फाँटला जोडता येत नाही. फाइलीत काही बदललेलं नसतं. नोएच दिलं की पुन्हा जुळतं. टर्मिनलमध्ये तर देवनागरी चौकटी-चौकटींत बसवतात, त्यामुळे रंग एखादी चौकट इकडेतिकडे सरकलेलाही दिसतो. मराठीच्या कामाला जीव्हिम बरा.

टंकाळा

अजून एक कोडं. 'दुसऱ्या' शोधलं. अर्ध्या पानांवर सापडतो, अर्ध्यांवर नाही. इथे तर जोडचिन्हांचा प्रश्न नाही, शब्द पूर्ण दिलाय. आणि न सापडलेल्या ठिकाणी मधेच कोनी कंसात २००डी असं काहीतरी दिसतं.

अर्धमात्रा

हे खास आपलं दुखणं! 'दुसऱ्या'तला तो चंद्रकोरीसारखा र दोन तऱ्हांनी साठवला जातो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर (यू+०९३१), मग पायमोडकं, मग य. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जेने येतो तो हा. दुसरी तऱ्हा: साधा र, पायमोडकं, मग शून्य रुंदीचं जोडणारं अदृश्य अक्षर (यू+२००डी), मग य. उच्चारावरून टंकायची काही साधनं अशी लिहितात. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात, शोधाला मात्र हे दोन वेगळे शब्द.

त्यात तिसरी तऱ्हा म्हणजे साधा र आणि त्याखाली नुक्ता. ती पहिलीच्या बरोबरीची आहे असं युनिकोडच सांगतं, त्यामुळे मजकूर एनएफसी या युनिकोडच्या प्रमाण रूपात आणला की या दोन एक होतात. अदृश्य अक्षरवाली होत नाही, ती हातानेच बदलावी लागते.

व्हिमचा उपकार असा की तो ते अदृश्य अक्षर लपवत नाही, क्रमांक दाखवतो. तुम्हाला दिसतंय ते तेच. \%यू२००डी असं शोधा, फाइलीतली सगळी रंगतील. व्हीएस कोडमध्येही अदृश्य अक्षरांभोवती चौकट दाखवायची सोय आहे. कुठल्याही संशयास्पद अक्षरावर कर्सर ठेवून जीए दाबलं की व्हिम त्याचा आणि त्याला चिकटलेल्या चिन्हांचा क्रमांक सांगतो. डोळ्यांवर भरवसा ठेवण्यापेक्षा ते बरं.

ॲ चंही तेच. एक स्वतंत्र अक्षर, २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये आलेलं, आणि दुसरं अ वर चंद्र ठेवून केलेलं. ही जोडी एनएफसीनेही एक होत नाही. 'ॲ' शोधताना दोन्ही रूपं 'किंवा' लावूनच द्या.

मीनल_पु

भाषांतराच्या फाइलींत हा ऱ फार छळतो. दोन भाषांतरकार दोन कळफलक वापरतात, आणि मग शब्दसूचीत 'कर्मचाऱ्यांना' असूनही मिळत नाही. मी आता काम हातात आलं की आधी सगळे एकाच रूपात आणते, मगच शोधाला हात लावते.

टंकाळा

विकिस्रोतावरून उतरवलेल्या पानांतही तेच असणार, वेगवेगळ्या लोकांनी टंकलेली आहेत.

आता शेवटचं. काही चुका कायम रंगलेल्या हव्यात, मी दुसरं काही शोधत असलो तरी. दंडाच्या जागी पडलेली उभी रेघ, विसर्गाच्या जागी कोलन (दु:ख, नि:शब्द, अंत:करण हे तर हमखास), अवग्रहाच्या जागी इंग्रजी एस. एचएलसर्च एका वेळी एकच नमुना रंगवतो.

सरळमार्गी

त्यासाठी 'मॅच' आज्ञा आहे. मॅच आणि २मॅच असे दोन नमुने दोन रंगांत ठेवता येतात. ३मॅच पण आहे, पण ती जागा जोडीचा कंस दाखवणारं प्लगिन वापरतं, तिला हात लावू नका. याहून जास्त हवे असतील तर 'मॅचॲड' हे फंक्शन, त्याला मर्यादा नाही. गटाचं नाव आणि नमुना द्यायचा. 'एररएमएसजी' गट दिला तर लालभडक दिसेल.

नमुने सोपे आहेत. उभी रेघ व्हिममध्ये तशीच चालते, 'किंवा'साठी तिच्या आधी उलटी तिरकी रेघ लागते. विसर्गासाठी, कोलन ज्याच्या लगेच पुढे मोकळी जागा नाही. मराठीत विरामचिन्ह म्हणून कोलन आला तर पुढे जागा असते, शब्दाच्या पोटात आला तर तो विसर्गच असणार. शब्दाच्या शेवटी आला, जसं 'अत:', तर सुटेल, तेवढं डोळ्यांनी बघा. एससाठी, दोन्ही बाजूंना देवनागरी असलेला एस.

रातांबा

मॅचॲड लावलं होतं मी. खिडकी दुभागली की नव्या खिडकीत रंग नसतात.

सरळमार्गी

हो, कारण मॅचॲड त्या खिडकीपुरतंच असतं, फाइलीपुरतं नाही. व्हिम उघडताना आणि नवी खिडकी उघडताना, दोन्ही ऑटोकमांडमधून तेच फंक्शन बोलवा.

आणि टंकाळा, तुमच्या फाइलीत परिच्छेद म्हणजे एकच लांबलचक ओळ असणार. मोठ्या फाइलीत मध्येच सगळे रंग गायब झाले तर पुन्हा अनुस्वारांना दोष देऊ नका. 'रीड्रॉटाइम' नावाची मर्यादा आहे, मूळ २००० मिलिसेकंद. पडदा रंगवायला त्याहून वेळ लागला की व्हिम रंगवणं सोडून देतो. शोधाचे रंग, मॅचचे रंग, सगळ्यांना ती लागू आहे. आकडा वाढवा, किंवा नमुना हलका करा.

टंकाळा

लावलं सगळं. उभ्या रेघा, कोलन, एस लाल दिसतायत. 'दु:ख' एका पानावर इतक्या वेळा असेल असं वाटलं नव्हतं. फक्त आता त्या जागी मी शोधलेला शब्द आला तर त्याचा रंग दिसत नाही, लालच राहतो.

सरळमार्गी

प्राधान्याचा आकडा. मॅचॲडला तो तिसरा द्यायचा असतो, नाही दिला तर १० धरला जातो. शोधाच्या रंगाचा असतो शून्य. तुम्ही उणे एक द्या, म्हणजे शोधाचा रंग वर येईल आणि बाकी वेळ लाल दिसत राहील.